शेजारच्या गोठ्यात बांधलेली आमची गाय

गीताबाई,

आमच्या घरात ज्या दिवशी शिजवायला काही नसायचं, त्या दिवशी आई चूल जरा लवकरच पेटवायची. पातेल्यात नुसतं पाणी ठेवायची, वर ताटली झाकायची आणि मुद्दाम ओली काटकी सारायची, म्हणजे धूर जास्त व्हायचा. लोणी भापकरच्या आमच्या आळीत प्रत्येकाचं लक्ष प्रत्येकाच्या धुराकडं असायचं. ज्याच्या घरातून धूर निघाला नाही त्याच्याकडं कुणीतरी अर्धी भाकरी पदराखाली झाकून घेऊन यायचं. आईला ते नको असायचं. देणारीच्या घरातही दुसरी भाकरी नाही, हे तिला ठाऊक होतं. आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, आणि पगार काही रोज मिळायचा नाही. मधले दिवस आम्ही धुरावर काढले, असं आबा आता हसून सांगतात. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या दारात आलात तो असाच धुराचा दिवस होता. इंदापूरच्या दवाखान्याची जीप घेऊन तुम्ही गावोगाव पोरं तपासत फिरायचात. मी पाच-सहा वर्षांची, अंगात ताप. तुम्ही वाकून आत आलात, माझ्या कपाळावर हात ठेवलात, आणि पोरीच्या पोटात काय गेलंय ते बघायला सरळ चुलीपाशी जाऊन ताटली उचललीत. आई मटकन खाली बसली. तुम्ही पातेल्यात पाहिलंत, मग आईकडं पाहिलंत.

"मला बी दे की कपभर," तुम्ही म्हणालात.

आईनं जर्मनच्या पेल्यात ते उकळतं पाणी ओतलं. तुम्ही ते फुंकून फुंकून संपवलंत, पातेल्यावर ताटली परत झाकलीत, आणि बाहेर गोळा झालेल्या बायकांना सांगितलंत, "शोभाच्या आईचा चहा लई झ्याक हाय."

तुमचं खरं नाव बिर्गिट. इंदापूरच्या बायकांनी त्याचं गीता केलं आणि तुम्हीही तेच लावून घेतलंत. तुमची मराठीही त्यांच्याकडूनच घेतलेली, शिव्यांसकट. मी पुढं बारामतीला कॉलेजात गेले, शुद्ध बोलायला लागले, आणि डेन्मार्कच्या बाईपेक्षा मीच परकी वाटायला लागले.

तुम्ही तिकडं, डेन्मार्कात, वारलात ही बातमी मला मे महिन्यात कळली. मी इंदापूरला दूध संघाच्या शीतकरण केंद्रात, प्रयोगशाळेत, सकाळच्या दुधाची फॅट मोजत होते. तुम्ही मला शिकायला ठेवलं होतंत त्या बारामतीच्या वसतिगृहातून फोन आला. वसतिगृहाच्या बाई रडत नव्हत्या, नुसत्या "शोभा, शोभा" म्हणत होत्या. मी म्हणाले, "कळलं." मग राहिलेल्या सगळ्या नमुन्यांची फॅट काढली, कारण दारात दूधवाले उभे होते आणि गेलेल्या माणसासाठी त्यांचं दूध नासवलेलं तुम्हाला चाललं नसतं.

तुमच्या मागं इथं कुठले विधी करायचे हे कुणालाच कळेना. तुमची इंदापूरची मैत्रीण हिरामावशी म्हणाली, तेराव्याला पंगत घालायची. आमच्या आळीनं मेणबत्ती लावून वंदना घेतली. वसतिगृहातल्या एका पोरीनं विचारलं, "पण त्या तर चर्चमध्ये जायच्या ना?" हिरामावशी म्हणाली, "ती कुठं बी जाऊ दे. जेवायला माझ्याकडंच यायची." शेवटी दोन्ही झालं. पंगतीला वांग्याची भाजी होती. तुम्हाला सोसायची नाही आणि तरी तुम्ही दुसऱ्यांदा मागून घ्यायचात, ती.

मला मात्र सारखी तुम्ही डेन्मार्कहून परत आलात ती भेट आठवते आहे. आपलं एक भांडण त्या दिवशी अर्धवट राहिलं. ते का झालं हे नीट सांगायचं तर आधी पिवळ्या फ्रॉकचं सांगायला हवं. ते तुम्हाला मी अर्धंच सांगितलं होतं.

वसतिगृहात वर्षातून एकदा प्रत्येक मुलीचा फोटो निघायचा. ज्या घरानं तिचा खर्च उचलला असेल त्या घरी, तुमच्या देशात, तो जायचा. माझा खर्च तुमच्याच घरचे उचलायचे, म्हणून माझा तुमच्या तिकडच्या घरी जायचा. त्या वर्षी आबा सोमेश्वरनगरला कारखान्याच्या हंगामात कामाला होते आणि तिथल्या बाजारातून त्यांनी माझ्यासाठी पिवळा फ्रॉक आणला. गळ्याला पांढरी लेस. मी तो घालून, दोन वेण्या घालून रांगेत उभी राहिले. फोटो काढायला आलेला माणूस म्हणाला, "हा नको. रोजचा घालून ये."

"हा रोजचाच आहे," मी म्हणाले.

तो हसला आणि त्यानं मला आत पाठवलं. काखेत उसवलेला, विटका फ्रॉक घालून माझा फोटो निघाला. तुम्हाला त्यात गरीब बिचारी पोरगी दिसली असेल. गीताबाई, ती रागावलेली पोरगी आहे.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. तुम्ही तुमच्या देशात परत गेलात. मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. मला नोकरी लागली, आबांनी कर्ज काढून जर्सी गाय घेतली, तिच्या दुधावर कर्ज फेडलं, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, टीव्ही आला. आणि मग एका थंडीत निरोप आला की गीताबाई परत येणार आहेत. जुन्या मैत्रिणींना, आणि शिकवलेल्या सगळ्या पोरांना भेटायला.

तुम्ही लोणीला यायच्या आदल्या दिवशी मी इंदापूरहून घरी आले. गोठा रिकामा.

"आबा, गाय कुठं आहे?"

"पांडूतात्याकडं."

"का? विकली?"

"इकतोय कशाला? दोन दिस पाहुणी म्हून धाडलीया."

घरात गेले. पंखा उतरवलेला. कोपऱ्यात गोधडीखाली काहीतरी चौकोनी.

"आई, हे काय?"

"कुणी इचारलं तर देव्हारा म्हणायचं," आई म्हणाली.

"बौद्धाच्या घरात देव्हारा? बाईंना काय खुळी समजलीस?"

आई विचारात पडली. "मग ज्वारीची पेटी म्हणू."

छपरावरचा अँटेना आबांच्यानं निघाला नव्हता, म्हणून त्याच्यावर आईनं लुगडं वाळत घातलं होतं. बाहेर येऊन पाहिलं तर आमचंच नाही, सगळ्या आळीचं तसंच. जो तो आपलं बरं चाललेलं झाकून बसलेला. मोटारसायकली कडब्याच्या गंजीमागं. आदल्या रात्री आळीची बैठक बसून हे ठरलं होतं.

मी आबांवर ओरडले. "त्या एवढ्या लांबून काय बघायला येताहेत? आपलं काय झालं तेच ना? आणि तेच लपवायचं?"

आबा शांतपणे तंबाखू मळत होते. "आपलं भागलं गं. पर वसतिगृहात अजून पोरी हायत. पांडूतात्याची नात हाय. बाईंनी हितं टीव्ही बघितला, गाय बघितली, तर तितं जाऊन काय सांगतील? लोणीत आता बरं चाललंय. झालं! पोरींचं बंद."

"आबा, तुम्हाला माझा पिवळा फ्रॉक आठवतो?"

आबांचा हात थांबला. "आठवतुया की. मीच आणला हुता."

"मग?"

"मग काय? त्या फाटक्या फ्रॉकावर तू बी.एस्सी. झालीस, शोभे. पिवळ्यावर न्हाय."

आबा पुन्हा तंबाखू मळायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं बारामतीला गेले. वसतिगृहाच्या अंगणात हार-तुरे, खुर्च्या, आणि तुम्ही शिकवलेली आम्ही सगळी, आता आपापली पोरं कडेवर घेतलेली. तुमचे केस पांढरे झाले होते आणि तुम्ही काठी घेऊन उतरलात. हिरामावशी पुढं झाली. तुम्ही तिच्या तोंडाकडं बघून म्हणालात, "हिरे, दात कुठं गेलं गं तुझं?"

"तुझ्या देशाला धाडलं पार्सलनं. पोचलं न्हाईत व्हय, गीते?"

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसताहेत की रडताहेत, ते कुणाला कळेना. स्वागताचं भाषण वाचायला उभे राहिलेले गुरुजी कागद तसाच धरून राहिले.

तुम्ही हार घेतला नाहीत. एकेकाजवळ जाऊन, बोलायच्या आधी, कपाळाला हात लावलात. ताप बघतात तसा. वकील झालेला, पोलिसात गेलेली, दोन पोरांची आई, सगळे मान पुढं करून गप उभे. माझ्या कपाळावर हात ठेवलात आणि मी म्हणाले, "बाई, आपल्या आगमनानं आम्हाला अतिशय आनंद झाला आहे."

"काय गं, लई शिकलीस म्हून माझ्यासंगं पुस्तकातलं बोलतीस व्हय?"

सगळं अंगण हसलं. मीसुद्धा.

लोणीला जायला जीप दत्ताची होती. दत्ता सोमेश्वरनगरच्या ऊसतोड्यांच्या तळावर जन्मलेला, आमच्याबरोबरच तुम्ही शिकायला आणलेला. दहावीला नापास झाला, पुन्हा बसला नाही, आता बारामती-लोणी अशी सीट भरून नेणारी वडापची जीप चालवत होता. सकाळीच त्यानं मला बाजूला घेऊन हात जोडले होते. "शोभाक्का, माझं नाव सांगू नको. नुसता डायवर म्हून ऱ्हाऊ दे. बाकीचे काय काय झाले, आन् मी हा असा." अंगणात तो आलाच नाही. टोपी डोळ्यांवर ओढून गाडीत बसून राहिला.

तुम्ही पुढच्या सीटवर बसलात, मी आणि हिरामावशी मागं. गाडी गावाबाहेर पडली आणि तुम्ही रस्त्याकडं बघतच म्हणालात, "दत्त्या, हनुवटी दाखव."

गाडीला हिसका बसला.

"त्ये टाकं माझंच हायत. वाकडं पडल्यात. तू लई हलत हुतास."

दत्तानं डोळ्यांवरची टोपी मागं सारली. मग म्हणाला, "बाई, मी नापास झालो."

"मला ठावं हाय. गाडी कुणाची?"

"माझीच. कर्ज फिटलं औंदा."

"मग रडतूस कशाला? फुडं बघून चालव."

लोणीत आळीनं तुमचं स्वागत चांगलं केलं, म्हणजे गरिबीत शक्य होईल तेवढंच चांगलं. आईनं गोधडी अंथरली, कोरा चहा दिला. दुधाचा थेंब घरात ठेवला नव्हता. तुम्ही स्लॅबकडं बघितलंत, पंखा काढलेल्या हुकाकडं बघितलंत, आणि चहाचा घोट घेतलात. आबा सांगत होते, "चाललंय कसंतरी, बाई. पाऊस न्हाय, पाणी न्हाय." मी दारात उभी राहून दात आवळले होते. तुमच्यासमोर बापाला खोटं पाडावं का, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात धारेची वेळ झाली.

आमची जर्सी आईशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही; सकाळची धार आईच गुपचूप जाऊन काढून आली होती. पांडूतात्याच्या सुनेनं प्रयत्न केला असणार, कारण पलीकडं बादली पडल्याचा आवाज आला आणि गाय हंबरायला लागली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. आईचा जीव इकडं कासावीस. कप धुतलेला परत धुवायला लागली.

"गाय कुणाची?" तुम्ही विचारलंत.

"पांडूतात्याची," आबा म्हणाले.

"मग ती हिकडं तोंड करून का वरडतीया?"

तुम्ही काठी टेकत उठलात. तुमच्या वडिलांचा गोठा होता, लहानपण गाईंच्यात गेलेलं, हे आम्ही कसं विसरलो कोण जाणे. तुम्ही बाहेर पडलात, मागून आम्ही. पांडूतात्याच्या गोठ्यात गाय दाव्याला हिसके देत होती. आईला बघितलं आणि मान लांब करून तिनं आईचा पदर तोंडात धरला. आख्ख्या आळीसमोर.

पांडूतात्या म्हणाले, "सवय हाय तिला... बायांच्या पदराची."

हिरामावशी खो खो हसत सुटली. तुम्ही नाही हसलात. बादली मागितलीत, आईला गाईच्या तोंडाशी उभं केलंत, बूड टेकायला दगड घेतलात आणि स्वतः धार काढलीत. ते पांढऱ्या केसांचं डोकं गाईच्या कुशीला टेकून, डोळे मिटून. आम्ही सगळे गुन्हेगारासारखे उभे. बादली भरली तशी तुम्ही आबांकडं वळलात.

"आबा, त्या दिवशी पातेल्यात पानी हुतं, ते तुमी झाकलंत. आज बादलीत दूध हाय, त्ये बी झाकायचं? मग मी बघू काय?"

आबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "बाई, तुमी बघितलंत की पोरींचं बंद हुईल, म्हून."

"बंद तर हुनारच हाय," तुम्ही म्हणालात. "आमच्याकडली मान्सं म्हातारी झाली. एकेक जातंय. नव्या मान्साला लोणी ठावं न्हाय."

"मग पोरींचं कसं?"

"ठावं न्हाय, आबा."

बाकी कुणी असतं तर काहीतरी धीराचं बोललं असतं. तुम्ही बोलला नाहीत, आणि याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. ते "ठावं न्हाय" आळीत पडून राहिलं, आमच्यासाठी.

मग आबा घरात गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं टीव्हीवरची गोधडी काढली. मोठ्या ऐटीत बटण दाबलं. लाईट गेलेली होती. तुम्ही तेव्हा हसलात, पोट धरून हसलात, आणि आळी सुटली. कडब्यामागून मोटारसायकली निघाल्या. पांडूतात्यानं मिक्सर आणून दाखवला. कुणी पोराचं सर्टिफिकेट, कुणी नवी विळी. मला गाईजवळ उभं करून तुम्ही फोटो काढलात. आईनं दुधाचा चहा केला आणि तुम्ही म्हणालात, "ह्यो बी झ्याक हाय. पर त्यो पयला भारी हुता." आई तुमच्या हातावर हात ठेवून बसून राहिली. तेव्हा ताटलीखाली काय होतं ते त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगितलं.

भांडण परतीच्या वाटेवर झालं. मी तुम्हाला म्हणाले, "तो माझा फाटक्या फ्रॉकमधला फोटो काढून टाका. त्या दिवशी माझ्याकडं चांगला फ्रॉक होता."

तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्ही मान वळवून माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "त्यो माझ्या सैपाकघरात हाय. शेजारीण येती, इचारती, ही पोरगी कोन? मग मी सांगती. त्यातनं दुसऱ्या पोरीच्या फीचं निघतं."

"मग आजचा लावा. गाईबरोबरचा."

"आजचा लावला तर कोन इचारंल?"

"न विचारू द्या. तुम्ही होऊन सांगा, हिला मी शिकवलं."

"तुला म्या न्हाय शिकवलं. तू शिकलीस."

"मग त्यात रडका फोटो कशाला पाहिजे?"

तुम्ही तोंड उघडलंत आणि दत्ता मध्येच म्हणाला, "बाई, दोनी लावा की. भिंत एवढीशीच हाय का तुमची?" हिरामावशी हसली, कुणीतरी विषय बदलला, आणि उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता त्यात सगळं राहून गेलं. तुम्हाला विमान गाठायची घाई होती. मला वाटलं, पुन्हा बोलू.

मला तुम्हाला सांगायचं होतं की आबांचं म्हणणं मला पटत नाही आणि खोडताही येत नाही. फाटक्या फ्रॉकानंच माझी फी भरली असेल. पण तो फ्रॉक घालायला लावला तेव्हा माझं काहीतरी काढून घेतलं गेलं, आणि ते पदवीनं भरून आलं नाही. ते भरून आलं तुम्ही गाईच्या कुशीला डोकं टेकलंत तेव्हा. तुमच्या स्वयंपाकघरात शेवटी कुठला फोटो होता, मला माहीत नाही. विचारणारही नाही आता कुणाला. भिंत तुमची होती.

तुमच्या त्या "ठावं न्हाय"चं पुढं काय झालं, ते मात्र तुम्ही ऐकायला हवं.

सुरुवात दत्तानं केली. तो म्हणाला, जीप रोज बारामतीला जातेच, तुमी काय द्याल ते मी फुकट पोचवतो. आबांनी सकाळच्या धारेतलं दूध द्यायला सुरुवात केली. कॅन दत्ताच्या जीपमध्ये, पॅसेंजरच्या पायाशी. मग सांगवीला दिलेल्या, वसतिगृहातल्या एका जुन्या मुलीच्या सासऱ्यांनी ज्वारी पाठवली. आमच्या आळीत जयंतीची वर्गणी निघते, तिच्यातला हिस्सा वसतिगृहाला द्यायचा, असं आबांनी बैठकीत मांडलं. तरणी पोरं भडकली. "मग काय मिरवणूक मुकी काढायची?" आबा म्हणाले, "एक भोंगा कमी लावा. तुमच्या बहिणी शिकतील त्यो आवाज त्याच्यापरीस लांब जाईल." पोरं तोंड वाकडं करून कबूल झाली. वकील झालेला, पोलिसातली, मी, आम्ही पगारदार मंडळी मागाहून आलो, खरं तर दूध आणि ज्वारी बघून लाजून आलो. तुमच्याकडून येणारं दरवर्षी कमी होत गेलं आणि इथलं वाढत गेलं. कुठल्या दिवशी पारडं फिरलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

वसतिगृहात फोटो अजून निघतो. तो आता कुठंही पाठवत नाहीत, मुली घरी घेऊन जातात. यंदा मी मुद्दाम हजर होते. सगळ्या चांगले कपडे घालून आल्या होत्या. पांडूतात्याची नात पुढच्या रांगेत, हनुवटी वर करून.

गीताबाई, ती यंदा दहावी पास झाली. तिच्याबरोबर परीक्षेला बसलेल्या वसतिगृहातल्या सगळ्या मुली पास झाल्या. जूनमध्ये शाळा उघडली, आणि नव्या-जुन्या सगळ्या मुलींचा वर्षाचा खर्च आम्ही लोणी, सांगवी, सोमेश्वरनगर आणि इंदापूरच्या माणसांनी भागवला. बाहेरून काही मागवावं लागलं नाही.